रेल्वे कामाच्या पत्र्यांवर चित्रं: भुसावळच्या नोंदी

९ फेब्रुवारी

भुसावळला रेल्वेचं काम नवीन नाही. जळगावच्या बाजूला तिसरी-चौथी लाइन टाकून झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव–मनमाड चौथी लाइन (१६० कि.मी.) आणि भुसावळ–खंडवा तिसरी-चौथी (१३१ कि.मी.) यांना केंद्राची मंजुरी मिळाली. म्हणजे कामाभोवती ठोकलेले निळे पत्रे गावाला अजून काही वर्षं बघायचे आहेत.

आमच्या वस्तीला लागून असेच साठेक पत्रे उभे आहेत. निम्मा रस्ता त्यांनी खाल्लाय. पुढे चढावर काँक्रीटची नवी संरक्षक भिंत उभी राहतेय. पत्र्यांवर पानाच्या पिचकाऱ्या, क्लासेसच्या जाहिराती, आणि जिथे ‘येथे लघवी करू नये’ लिहिलंय नेमकी तिथेच ओल. शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाई म्हणाल्या, वस्तीतल्या लोकांना घेऊन यावर चित्रं काढू. मी बोर्ड पेंटर. फ्लेक्स आल्यापासून हात तसे मोकळेच असतात, हो म्हटलं.

बल्लारशा आणि चंद्रपूर स्टेशनांना २०१८ मध्ये देशातल्या सुंदर स्टेशनांचं पहिलं बक्षीस मिळालं होतं, ताडोबातल्या प्राण्यांची चित्रं काढली म्हणून. मधुबनी स्टेशन तिथल्या कलाकारांनी पैसे न घेता रंगवलं, त्याला दुसरं. बाईंनी ते फोटो सगळ्यांना दाखवले आणि सगळे पेटले. पण ते स्टेशन आहे. तिथे पक्की भिंत, वर छप्पर आणि मालक एक. आपल्याकडे उघड्यावरचा पत्रा, त्याचे मालक तीन: जमीन रेल्वेची, पत्रा ठेकेदाराचा, पुढचा रस्ता नगरपालिकेचा. साइटवरचे इंजिनिअर तोंडी ‘करा की’ म्हणाले. तोंडी परवानगीवर ब्रश लावायचा नाही हे मी दुकानांचे बोर्ड रंगवून शिकलोय. तीन अर्ज टाकले.

२ मार्च

परवानगीची पत्रं आली. तीन आठवडे गेले ते फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. अर्जाला सुरुवातीलाच फोटो आणि हाताने काढलेला नकाशा जोडला असता तर निम्मा वेळ वाचला असता, कारण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच, ‘नेमकी कुठली बाजू?’

अटी लिहून ठेवतो, दुसरीकडे कोणी करणार असेल तर बहुतेक याच येतील. चित्र फक्त रस्त्याच्या बाजूने. रुळांकडे दिसेल असं लाल किंवा हिरवं काही नको, कपडासुद्धा वाळत घालायचा नाही. (रेल्वेच्या नियमात जोरजोरात हलवलेली कुठलीही वस्तू म्हणजे थांबण्याची खूण. ड्रायव्हरने आमच्या लाल फडक्यावर ब्रेक मारला तर जबाबदार आम्ही.) लोखंडी शिडी बंद. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात, लाकडी घोडा वापरायचा, तोही पत्र्यापेक्षा उंच नको. सूचनांचे बोर्ड झाकायचे नाहीत. डंपर आत-बाहेर करताना काम थांबवायचं. जाहिरात नाही, म्हणजे ज्याने रंग दिला त्याचंही नाव नाही. या शेवटच्या अटीमुळे एक देणगीदार लगेच गळाला.

७ मार्च

काय काढायचं यावर बैठक. देवळाच्या ओट्यावर. चहाला माणसं जमली, चर्चेला त्याहून जास्त.

पहिली मागणी अर्थातच देवांची. एक काका म्हणाले, “देव काढले की कोणी थुंकत नाही.” बरोबर आहे, जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स त्यासाठीच लावतात. मी विरोध केला, आणि कारण श्रद्धेचं नव्हतं. पत्रा कायम उभा राहत नाही. काढतात, जमिनीवर आडवा टाकतात, चिखलात त्यावरून हातगाडी जाते. त्या दिवशी पत्र्यावर देव असेल तर भांडण कोणाशी करायचं? आत काम करणाऱ्या मजुराशी? हे ऐकून ओटा गप्प झाला आणि ठरलं: देव नाही, पुढारी नाही, कुठल्याही झेंड्याचे रंग शेजारी-शेजारी नाहीत.

बायका मागच्या रांगेत होत्या. त्यांना कानबाई हवी होती, श्रावणात घरोघरी बसवतात ती देवी. खान्देशात कानबाई नाही म्हणजे श्रावण कोरडा. तोडगा त्यांनीच काढला: कानबाई काढू नका, तिच्या नैवेद्याच्या रोटांची तयारी काढा. जातं, दळण, फुगड्या. एक आजी म्हणाल्या, “भरीत काढा. आन् वांगी हिरवी काढा, नाहीतर मी येऊन पुसून टाकीन.”

१४ मार्च

पत्रे दोन जातींचे निघाले. बहुतेक कंपनीतूनच निळा रंग बसवलेले. मध्ये-मध्ये दहा-बारा साधे, जस्ताचा मुलामा दिलेले. घाईत पोरांनी एका साध्या पत्र्यावर घरात उरलेला ऑइलपेंट मारला. चार दिवसांत नखाने साल निघावी तसा निघाला. जस्ताचं आणि तेलरंगाचं जमत नाही. दोघांच्या मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि वरचा रंग अख्खा सुटतो. दुकानदाराला हे माहीत असतं, पण तो डबा विकतो, सल्ला देत नाही.

शेवटी जे टिकलं ते असं:

निळा पत्रा: भांड्याच्या साबणाने धुवा. रस्त्यावरची काळी चिकट धूळ नुसत्या पाण्याने जात नाही. वाळल्यावर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मोडेल एवढंच घासा, पत्रा उघडा पडेपर्यंत नाही. पुन्हा ओल्या फडक्याने पुसा. मग बाहेरच्या भिंतीचा पाण्यातला ॲक्रिलिक रंग, दोन हात.

साधा पत्रा: धुतल्यावर एच (एचिंग) प्रायमर, म्हणजे जस्ताला पकड धरणारा पहिला थर, पातळ एकच हात, आणि मग तोच पाण्यातला रंग. तेलरंग कुठेही नाही.

धुण्याघासण्यात मार्चचा अर्धा महिना जातो. हे काम कोणाला करायचं नसतं. चित्र काढायला पन्नास पोरं, पत्रा घासायला सहा. मग नियम केला की जो घासेल त्याचाच पत्रा. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर संपले.

२७ मार्च

कागदावरचं चित्र पत्र्यावर आणताना पत्र्याच्या नळ्या आडव्या आल्या. म्हणजे उभ्या. दर फुटावर पत्रा दीड इंच पुढे येतो. समोरून बघितलं तर चित्र ठीक. पण रस्त्यावरून माणूस समोरून बघत नाही, तो बाजूने चालत येतो. बाजूने बघितलं की नळीच्या एका अंगावरचं चित्र दिसतं, दुसऱ्या अंगावरचं गायब. बाईंनी काढलेल्या मुलीचं नाक नळीवर आलं होतं. बाजारात जाताना ती हसरी आणि परत येताना तिला नाकच नाही.

यावर उपाय म्हणजे नळीशी भांडायचं नाही. चेहरे दोन नळ्यांच्या मधल्या सपाट भागात बसवायचे, लहान काढावे लागले तरी चालेल. बारीक अक्षरं बंद. आणि जे मुळातच उभं असतं ते नळीवर द्यायचं: केळीचा खांब, विजेचा खांब, कपाशीची तासं. केळीचा खांब नळीवर इतका छान बसला की लोक हात लावून बघतात, खरंच गोल आहे का म्हणून.

चौकटी आखायला खडू वापरला होता, तो वाऱ्याने जातो. निळीत भिजवलेल्या सुतळीने सूत मारलं, ते बरं.

६ एप्रिल

रेल्वेच्या गावात इंजिन काढणं म्हणजे काय, ते आज कळलं.

नववीतल्या मुलांनी जुनं वाफेचं इंजिन काढलं. नाक गोल, बंदुकीच्या गोळीसारखं, त्यावर चांदणी, खाली एका बाजूला चार मोठी चाकं. दिसायला झकास. संध्याकाळी फिरायला निघालेले एक रिटायर्ड ड्रायव्हर काका थांबले, चष्मा वर केला आणि विचारलं, “हे डब्ल्यूपी आहे की डब्ल्यूजी?”

कोणाला काय माहीत. मग त्यांनी पोरांना ओळीने उभं करून शिकवलं. गोल नाकाची ती डब्ल्यूपी, प्रवासी गाडीची. तिला एका बाजूला मोठी चाकं तीन. चार मोठी चाकं असतात डब्ल्यूजीला, ती मालगाडीची आणि तिचं नाक चपटं. “तुम्ही मालगाडीच्या अंगावर मेलचं तोंड बसवलंय.” एक चाक पुसलं. तिथं मोकळी जागा राहिली म्हणून बाकीची दोन सरकवावी लागली, म्हणजे जोडदांडाही नव्याने.

दुसऱ्या दिवशी काका त्यांच्या मित्राला घेऊन आले. मित्र लोको शेडमधले. विजेच्या इंजिनावर आम्ही पुढचा पेंटो (तारेतून वीज घेणारा छपरावरचा सांगाडा) वर दाखवला होता. त्यांचं म्हणणं, आपल्याकडे साधारणपणे चालत्या दिशेच्या मागचा वर असतो. तोही बदलला. त्यानंतर रोज कोणी ना कोणी येऊन सिग्नलचा क्रम, सिमेंटच्या स्लीपरचा आकार, गार्डच्या डब्याचा दिवा तपासून जातं. बाई वैतागल्या. मला मात्र बरं वाटलं. एवढ्या बारकाईने माझा एकही बोर्ड कधी कोणी वाचला नव्हता.

१९ एप्रिल

ऊन. भुसावळचं ऊन म्हणजे सांगायला नको, पण पत्र्यावर ते दुप्पट असतं. दहा वाजता पत्र्याला हात लावून धरता येत नाही. ब्रश टेकवला की रंग तिथेच सुकतो, पुढे ओढला की खालचा अर्धवट थर सोबत निघतो, कडा शेवयांसारख्या होतात. पोरांनी रंगात पाणी वाढवलं. मग रंग ओघळला आणि जिथे टिकला तिथे वाळल्यावर पांढुरका पडला.

कोणीतरी सुचवलं, ओलं पोतं लावून पत्रा गार करा. केलं. पत्रा गार झाला, पण नळीच्या खाचेत ओल राहिली आणि त्यावर मारलेल्या रंगाला दुसऱ्या दिवशी फोड. पोतं बंद.

आता वेळ ठरवली: पहाटे साडेपाच ते आठ. दुपारी सगळे घरी. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा, पण आधी पत्र्याला हात लावून बघायचा. मोठे भाग रोलरने, ब्रश फक्त कडांना. दुसरा हात चार तासांनी म्हणतात, इथे तासाभरातही चालतो.

२९ एप्रिल

भरिताचा पत्रा. चौथीच्या मुलांनी वांगी जांभळी काढली, पुस्तकात तशीच असतात. आजी म्हटल्याप्रमाणे आल्या. आपलं भरताचं वांगं मोठं, हिरवट-पांढरं, २०१६ मध्ये जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. रंग मी मिसळला: पांढऱ्यात हिरवा स्टेनर (मिसळायचा गडद रंग) थोडा, त्याहून थोडा येलो ऑक्साइड. आजींनी बोट लावून बघितलं, “अजून पांढरं.” पुन्हा मिसळला. “देठाजवळ हिरवं, पोटाला पांढरं.” मग वांगी गॅसवर ठेवली होती ती पुसायला लावली. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात. काड्या काढल्या. शेजारी बडगी-मुसळी (भरीत कुटायचं लाकडी भांडं आणि मुसळ) हवी, कळण्याची भाकरी हवी. पुढच्या पत्र्यावर खापराची पुरणपोळी होती, तिथे खापर, म्हणजे पोळी भाजायचं मातीचं भांडं, चुलीवर सरळ ठेवलेलं. ते पालथं असतं. तेही बदललं.

एवढं करून तो पत्रा सगळ्यांत गर्दीचा झालाय. येणारा-जाणारा थांबतो. एकाने विचारलं, “काय चितरू राह्यले भो, हॉटेल निघू राह्यलं का इथं?”

६ मे

सकाळी पोचलो तर चित्र हललेलं.

रात्रीत ठेकेदाराच्या माणसांनी डंपरसाठी वाट मोठी केली. वीसेक पत्रे काढले आणि पुढच्या वळणावर हाताला येईल तसे ठोकले. आमचं सलग चित्र होतं: शेत, केळीचे घड, घड भरलेली मालगाडी, स्टेशन, गाव. आता गार्डचा डबा सगळ्यात पुढे, त्याच्या मागे अर्धी आजी, मग इंजिनाचं नाक, मग शेत. मालगाडीच्या मधोमध खापर. दोन पत्रे तर उलटे ठोकलेत, केळीचे घड वर तोंड करून.

पोरांचे चेहरे पडले. बाई थेट साइट ऑफिसला. तिथला सुपरवायझर बिचारा खरंच ओशाळला, पण त्याचं म्हणणं खोडता येईना: पत्रा कामासाठी आहे, काम सरकेल तसा तो सरकणार, आणि रात्री दोन वाजता मजूर चित्राचा क्रम बघत बसणार नाही. पत्र्यांना मागून नंबर टाका असं एकाने सुचवलं. टाकूनही बघितले. दोन दिवसांनी पुन्हा पाच पत्रे हलले आणि क्रम पुन्हा गेला.

हा या सगळ्या कामातला खरा प्रश्न होता आणि तो आम्हाला मार्चमधल्या बैठकीतच पडायला हवा होता, कारण देव नको म्हणताना मीच ओट्यावर बोललो होतो की पत्रा उभा राहत नाही. भिंतीचं चित्र आम्ही पत्र्यावर काढत होतो.

११ मे

नवी आखणी. आता कुठलाही पत्रा कुठल्याही पत्र्याशेजारी आला तरी चालला पाहिजे.

कल्पना बाईंची, मापं माझी. प्रत्येक पत्र्याच्या दोन्ही कडांना ठरलेल्या उंचीवर ठरलेले पट्टे: खाली काळी माती, त्यावर खडी, त्यावर रुळाची बारीक रेघ, मग आभाळ. कडेपासून चार इंच हे पट्टे सगळीकडे सारखे. मधल्या जागेत ज्याला जे काढायचं ते काढा, पण ते त्या एका पत्र्यात सुरू होऊन त्यातच संपलं पाहिजे. एकमेकांवर चढणारी कडेची नळी मोजायची नाही, ती नेहमी झाकली जाते. पत्रे कसेही ठोकले तरी रूळ सलग दिसतो आणि त्याच्या कडेने गाव. उलटा ठोकला तर मात्र आभाळ खाली येतं. त्यासाठी प्रत्येक पत्र्याच्या पाठीमागे वरच्या टोकाला पांढऱ्या रंगात मोठा बाण. नंबर कोणी वाचत नाही, बाण झोपेतही कळतो.

मालगाडी गेली, सलग शेत गेलं. इंजिन राहिलं, कारण ते एका पत्र्यात मावेल एवढं लहान केलं. (काकांनी पुन्हा चाकं मोजली.) तेवीस पत्रे नव्याने रंगवायला लागले. जुन्यावर पांढरा हात मारला की खालचं दिसतं, आधी राखाडी मारून मग पांढरा मारला तर एक हात वाचतो.

२५ मे

पैशाचा हिशेब, कारण सगळे तेच विचारतात. पांढऱ्या रंगाची वीस लिटरची बादली साडेचार-पाच हजाराला मिळाली, त्या दोन लागल्या, त्यातली अर्धी ६ मेच्या भानगडीत. स्टेनर आणि तयार रंग मिळून सात हजारांच्या आसपास. एच प्रायमर, पॉलिश पेपर, रोलर, ब्रश पाच हजार. पाणी, सरबत, पोहे सहा हजार, यावर कोणी कुरकुर करू नये, मे महिन्यात पहाटे साडेपाचला पोरं पोह्यांसाठीच येतात. घरटी वर्गणी आणि रेल्वे पेन्शनर मंडळींनी दिलेले पैसे यांत भागलं. रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाने नाकारलेल्या शेडचे डबे पडून असतात, निम्म्या भावात मिळतात. आमचं आभाळ अशा तीन नाकारलेल्या निळ्यांचं मिश्रण आहे. एकदाच जास्त मिसळून ठेवा, दुसऱ्यांदा तोच निळा जमत नाही.

शेडबद्दल एक: गुलाबी, राणी, लिंबू पिवळा उन्हात टिकत नाहीत. रेड ऑक्साइड, येलो ऑक्साइड, काळा टिकतात. फुगडीवाल्या बायकांच्या राणी रंगाच्या साड्या दोन महिन्यांत विटल्या. पुन्हा रंगवताना गेरूच्या लाल काठाच्या केल्या.

२ जून

पत्र्यांच्या आतल्या बाजूला मजुरांच्या खोल्या आहेत. बिहार, झारखंड, ओडिशाकडची माणसं. चित्रं रस्त्याकडे, त्यांच्या वाट्याला पत्र्याची कोरी पाठ. त्यातला एक वेल्डर रोज संध्याकाळी बाहेर येऊन बघायचा. बाईंनी त्याला ब्रश दिला. त्याने एका पत्र्यावर भाताचं खाचर आणि तळ्यात उतरलेल्या म्हशी काढल्या, पाठीवर बगळा. पट्ट्याचं माप त्याने सांगायच्या आधीच पाळलं होतं, वेल्डर आहे, कडा जुळवणं त्याचं रोजचंच. मग त्याने विचारलं, आत एक काढू का. इंजिनिअरना विचारलं. रुळांकडे तोंड नसलेला, स्वयंपाकाच्या शेडमागचा एकच पत्रा मंजूर झाला. तिथे त्यांनी काय काढलंय ते आम्ही बघितलेलं नाही, आत जायची परवानगी नाही.

१७ जून

पहिला मोठा पाऊस. पत्रे जवळजवळ सगळे टिकले. फोड आले ते फक्त ओल्या पोत्याच्या काळातल्या तिघांना.

भिंतीचं मात्र झालं ते वाईट. मेच्या शेवटी उत्साहात चढावरच्या नव्या काँक्रीट भिंतीचा तीस फूट भाग रंगवला होता. गुळगुळीत, सपाट, नळ्या नाहीत, सगळ्यांना वाटलं आता खरं चित्र काढू. पावसानंतर रंगाचे पापुद्रे हातभर लोंबतायत आणि खाली पांढरा खार फुटलाय. साइटवरच्या फोरमनने दोन मिनिटांत कारणं सांगितली. एक, काँक्रीट ओतण्याआधी साच्याच्या प्लेटांना तेल लावतात, ते भिंतीच्या अंगावर राहतं. वायर ब्रश आणि साबणाने ते काढल्याशिवाय रंग धरत नाही. दोन, नवं काँक्रीट निदान महिनाभर तरी सोडायचं असतं, आणि मागे मातीचा भराव असेल तर ती भिंत मागून ओल पीतच राहते. तिला रंगाचा प्लास्टिकसारखा थर दिला की आतली ओल त्याला ढकलून बाहेर येते. तीन, पाणी निघायची जी भोकं असतात त्यांच्या खाली मातीचे ओघळ येणारच. आम्ही त्यांतली चार भोकं फुलांच्या मधोमध घेतली होती, दोन बुजवली होती. बुजवलेली त्याने आमच्यासमोर सळईने मोकळी केली आणि थोडं बोलला. ते बोलणं योग्य होतं. भोकं बुजली तर मागचं पाणी भिंतीला ढकलतं.

उरलेला रंग खरवडून काढला. एका कोपऱ्यात हातभर जागा तेल काढून, ओली करून सिमेंट पेंटने रंगवली. तो ओल्या भिंतीवरच मारतात, दोन-तीन दिवस पाणी मारून पक्का करतात. पावसाळाभर कसा राहतो ते बघू.

कानबाईचा रविवार

रोटांची गडबड, कोणी कामाला आलं नाही. मिरवणूक पत्र्यांसमोरून गेली. फुगडीच्या पत्र्यासमोर बायकांनी खरी फुगडी घातली.

१० सप्टेंबर

आमच्या बाजूचं काम आटोपलं. पत्रे काढून ट्रकवर चढतायत, पुढचं ठिकाण दुसऱ्या गावाच्या हद्दीत. दोन पत्रे सिमेंटच्या शेडवर छप्पर म्हणून गेले, एकावर भरीत आहे. आजींना सांगितलेलं नाही.

सिमेंट पेंटचा कोपरा पावसात टिकलाय. घासलं तर हाताला थोडी पांढरी पूड लागते, पण पापुद्रा नाही. भोकांखालचे ओघळ आहेतच, तिथे आता मुद्दामच झाडाची मुळं काढायची असं ठरलंय.

पुढच्या गावातल्या एका शिक्षकांचा फोन होता, ते उरलेले पत्रे रंगवणार आहेत. त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो. आठ फुटी पत्रा धरून खालून मापं: जमिनीपासून १० इंच काळी माती, त्यावर ६ इंच खडी, मग १ इंच रूळ, तिथून वर निळं. माप टेपने घेऊ नका, प्रत्येकाचा टेप वेगळा वाचतो. एकच लाकडी पट्टी खाचा पाडून करा आणि तीच सगळीकडे फिरवा. पत्रा काढताना स्क्रूची भोकं मोठी होतात आणि गंज तिथूनच धरतो. नव्या जागी ठोकल्या-ठोकल्या त्या भोकांना प्रायमरचा ठिपका लावा, आणि स्क्रूखाली रबरी वॉशर आहे का ते बघा. आमच्या निम्म्यांखाली नव्हता.